शेवटचा तांब्या

यंदाही पाणीकपातीची नोटीस फळ्यावर मीच लावली. कागद वाऱ्याने वळू नये म्हणून चारही कोपऱ्यांत टाचण्या टोचल्या. संध्याकाळी दूध घेऊन परत येताना बघतो, तर माझ्या सहीखाली कुणीतरी पेनाने लिहून ठेवलं होतं, ‘शेवटचा तांब्या याद रखना.’ वर पाण्याच्या वेळा होत्या, कोणत्या विंगचा व्हॉल्व्ह कधी उघडणार ते होतं, टँकर कुठे उभा राहील तेही होतं. ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. त्या खालच्या ओळीपाशी मात्र दोघी जणी उभ्या होत्या आणि त्यांतली एक दुसरीला, नवीन भाडेकरूला, सांगत होती, “अरे, वो हंसाबेनवाली स्टोरी. तुमको मालूम नहीं?”

हंसाबेनवाली. दुधाची पिशवी हातात गळत होती तरी मी तिथेच उभा राहिलो. ती गोष्ट हंसाबेनची नाही. ती माझ्या वडिलांची आहे, मोरव्याच्या म्हात्र्यांची, भाईंदरच्या मिठागरावरची. हे मला त्या बाईंना सांगायचं होतं. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी, दुधाची पिशवी धरून ‘ती गोष्ट माझी आहे’ असं म्हणतो तेव्हा तो कसा दिसेल याचा अंदाज मला होता. मी जिना चढलो.

होळी झाली की आमच्याकडे खाडीचा वारा बदलतो. दुपारी गॅलरीत उभं राहिलं तर ओल्या चिखलाचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा मिळून एक वास येतो. प्लॅस्टिकचा वास निळ्या ड्रमांचा. पावसाळ्यात त्यांत जुने कपडे असतात, दिवाळीत रद्दी, आणि चैत्र लागला की ते घासूनपुसून नळाखाली येतात. मग नळ खोकायला लागतो. आधी हवा, मग गढूळ चूळ, मग करंगळीएवढी धार. कुठून तरी टँकरचा हॉर्न ऐकू येतो आणि अख्ख्या इमारतीच्या खिडक्या उघडतात. माझ्या वडिलांना हेच ऊन आवडायचं. मीठ पिकायला असं ऊन लागतं. आभाळात ढगाचा ठिपका दिसला तरी ते अस्वस्थ व्हायचे. त्यांच्या वाफ्यांवर पांढरी साय धरायची त्या दिवसांत आमच्या टाकीचा तळ दिसतो. ज्या उन्हाची एका पिढीने वाट बघितली त्याच उन्हाला दुसरी पिढी शिव्या घालते. आम्ही राहतो ती जागा मिठागरापासून लांब नाही. मधे फक्त इमारती उभ्या राहिल्या.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितोय तो काही वर्षांपूर्वीचा. कपात त्या वर्षी जरा जास्तच होती. आमच्या इमारतीची एक गंमत आहे, गंमत म्हणायचं तर. टाकी गच्चीवर, म्हणजे सातव्या मजल्याच्या डोक्यावर. पण पाण्याला उतार लागतो. खालच्यांच्या नळाला जोर, वरच्यांच्या नळाला सुस्कारा. तासभर पाणी सोडलं की पहिला-दुसरा मजला ड्रम, बादल्या, पातेली, अगदी कुकरचे डबेसुद्धा भरून घ्यायचा आणि सातव्यावर टाकी रिकामी झाल्याचा आवाज तेवढा ऐकू यायचा. बी विंगच्या सातव्या मजल्यावर अन्सारी मास्तर राहतात. शिकवण्या घेतात. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. आजारी माणसाच्या घरात पाणी किती लागतं हे ज्याने सेवा केलीय त्यालाच कळेल. त्या एप्रिलमध्ये मास्तर तळमजल्यावरून बादल्या वाहून नेत होते, कारण लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून कुणीतरी तक्रार केली होती. एकदा जिन्यात थांबून ते मला म्हणाले, “म्हात्रेसाहेब, घर विकायला काढतोय. अम्मी को इस हाल में नहीं रख सकता.” ते चिडून बोलले असते तर बरं वाटलं असतं.

मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. मी एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात हिशेब बघतो. जगातलं कुठलंही भांडण आकडे समोर ठेवले की मिटतं, असं मी तेव्हा मानत होतो. टाकीत किती पाणी, घरं किती, माणसं किती, माणशी किती येतं, खालच्या मजल्याने किती मिनिटं आधी नळ बंद केला तर वर किती पोहोचतं, सगळं मांडलं. रंगीत पेन्सिलींनी मजले दाखवले. बायकोने, सुनंदाने, तो तक्ता बघितला आणि ती म्हणाली, “छान आहे. आपल्या शाळेत भूगोलाला असं असायचं.”

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग झाली. मी तक्ता खांबाला लावला आणि बोललो. मी चूक एकही बोललो नाही. तरी दोन मिनिटांत मागच्या खुर्च्यांवर मोबाईल बाहेर आले. पहिल्या मजल्यावरच्या जयाभाभींनी विचारलं, “म्हात्रेभाई, ये हरा रंग कौन सा फ्लोर है?” मी सांगितलं, तुमचाच. त्या म्हणाल्या, “अच्छा है हरा.” कुणी हसलं. कुणी मेंटेनन्सचा विषय काढला, कुणी कुत्र्यांचा. अन्सारी मास्तर शेवटच्या रांगेत हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

मग आमच्या चेअरमन हंसाबेन उठल्या. साठीच्या, ठेंगण्या, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीची पाठ धरून उभ्या राहणाऱ्या. पूर्वी घरीच शिवणाचे क्लास घ्यायच्या. चेअरमन झाल्या कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. त्यांनी तक्त्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, “अरे सुनो तो. ये जहाँ हम बैठे हैं ना, इधर सब नमक था. चारों तरफ पानी, और पीने को एक बूंद नहीं. अपने म्हात्रेभाई के बापूजी, ऊँचे, सफेद फेटा बांधते थे...”

माझा हात खांबावरच राहिला.

ही गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, फेब्रुवारीत, टाकी साफ करून घेताना गच्चीवर. सांगितली म्हणजे काय, सहज बोललो. माझे वडील मिठागरावर टोळीचे मुकादम होते. भर उन्हात काम, आजूबाजूला सगळं खारं. गोडं पाणी मोरव्याच्या विहिरीवरून बायका डोक्यावरून आणायच्या. बांधावर एका माठात ते ठेवलेलं असायचं. आणि रिवाज असा, की त्या माठातला शेवटचा तांब्या कुणी प्यायचा नाही. तो सगळ्यांत लांबच्या वाफ्यात काम करणाऱ्या गड्यासाठी, कारण तो सगळ्यांत शेवटी पोहोचायचा. मी पुढचंही सांगणार होतो, पण तेवढ्यात टाकी साफ करणाऱ्याने टाकीच्या आतून हाक मारली आणि गोष्ट तिथेच राहिली.

हंसाबेनना तेवढी पुरली. त्यांनी तिच्यात माझ्या बापाला उंच केलं. ते माझ्याएवढेच होते, म्हणजे बेताचे. त्यांना फेटा बांधला. त्यांनी जन्मात फेटा बांधला नाही, डोक्याला जुना टॉवेल गुंडाळायचे. विहीर दोन गावं लांब नेली. लांबच्या वाफ्यातल्या गड्याला त्यांनी एक म्हातारी आई दिली, जी घरी त्याची वाट बघते. आणि मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “सबको प्यास लगी थी. लेकिन कोई उस लोटे को हाथ नहीं लगाता था. क्यूँ? क्यूँकि एक आदमी अभी आया नहीं.” त्या थांबल्या. मागे वळून कुणाकडे बघितलं नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. पण पार्किंगमधल्या सगळ्या माना हळूहळू शेवटच्या रांगेकडे वळल्या.

त्या दिवसापासून आमच्या इमारतीत एक नवीन चाल पडली. खालचे मजले बादल्या भरल्या की नळ बंद करायचे आणि कुणीतरी जिन्यातून वर ओरडायचं, “तांब्या सोडला!” वरून उत्तर यायचं, “मिला!” मुलांना तो खेळच झाला. जयाभाभी, हिरव्या मजल्यावरच्या, सगळ्यांत आधी ओरडायच्या. मास्तरांनी घर विकायचा विषय पुन्हा काढला नाही. माझ्या तक्त्यावर मी जी मिनिटं लिहिली होती जवळपास त्याच मिनिटांना नळ बंद व्हायला लागले. तक्ता बरोबर होता. तो कुणाला लागला नाही, एवढंच.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जिन्यातून “तांब्या सोडला” ऐकू आलं की मी दार लावून घ्यायचो. माझा बाप, माझं मिठागर, माझ्या गावची विहीर, आणि टाळ्या हंसाबेनना. लोक त्यांना जिन्यात थांबवून विचारायचे, बेन, फिर क्या हुआ, वो आदमी आया क्या? आणि त्या दर वेळी थोडं अधिक सांगायच्या. एकदा त्या गड्याच्या लग्नापर्यंत गेल्या होत्या. मी लिफ्टची वाट बघत शेजारी उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही.

सुनंदाला कळलं होतं. ती म्हणाली, “अहो, तोंड कशाला पाडताय? पाणी मिळतंय ना सगळ्यांना?”

“हंसाबेन खोटं सांगतात.”

“काय खोटं?”

“फेटा.”

“फेटा!” ती भाजी चिरता चिरता थांबली. “मग तुम्ही उभं राहायचं होतं आणि सांगायचं होतं, फेटा नव्हता, टॉवेल होता. तेवढ्यासाठी लोकांनी नळ बंद केले असते.”

कारखान्यात आमचे शेठ दर दसऱ्याला मशिनींची पूजा झाली की सगळ्यांसमोर एक वाटी हातात धरतात. कडा वाकडी झालेली, पहिली वाटी म्हणे. ती त्यांनी हाताने कशी घडवली, हातगाडीवर कशी विकली, ते सांगतात. पहिली मशीन त्यांना सासऱ्यांनी घेऊन दिली हे मला माहीत आहे, कारण त्यांचे जुने कागद मीच लावले. पॉलिश खात्यातला यादव, ज्याचं तोंड संध्याकाळी काळ्या धुळीतून फक्त डोळ्यांनी ओळखू येतं, दर वर्षी ती वाटी बघायला पुढे उभा राहतो. मी त्याला एकदा म्हटलं, तुला माहितेय ना ही गोष्ट पूर्ण खरी नाही? तो म्हणाला, “मालूम है साहब. पर साल में एक दिन लगता है कि हम बर्तन नहीं, कुछ और बना रहे हैं.” मला तेव्हा शेठचाही राग आला होता. आता वाटतं, रागही नव्हता तो. इतकी वर्षं मी त्या कारखान्याचा पैन्‌पैचा हिशेब बरोबर ठेवला, पण यादवला असं काही वाटेल असं एक वाक्य माझ्या हातून निघालं नाही.

खरी गोष्ट तर मी अजून सांगितलीच नाही. गच्चीवर जी अर्धी राहिली, ती. माठाच्या तळाशी गाळ असायचा. विहिरीचं पाणी, उन्हाळ्यात खोल गेलेलं, माती घेऊन यायचं. शेवटच्या तांब्याला कुणी हात लावायचं नाही, कारण तो प्यायच्या लायकीचा नसायचा. वडील हे घरी हसत हसत सांगायचे. ‘गाळ कोण पिणार? म्हणून म्हणायचं, शेवटच्याला ठेवा.’ म्हणजे ज्याला सगळे त्याग समजून भारावले होते तो मुळात गाळ होता. हे माझ्याकडे होतं आणि हंसाबेनकडे नव्हतं. मे महिन्याच्या मीटिंगमध्ये हे सांगायचं, असं मी ठरवलं. रागाने नव्हे, नुसती दुरुस्ती म्हणून. तरीही बोलण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून मी मोरव्याला आत्याकडे गेलो.

माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, त्या विहिरीवरून मिठागरावर पाणी नेणाऱ्यांतली. आता नजर अधू झालीय, पण मासळी साफ करताना सुरी चुकत नाही. ओट्यावर बसून बोंबील कापत होती. मी विचारलं, “आत्या, माठाच्या तळाला गाळ असायचा ना?”

“व्हता ना. ह्यो असा.” तिने बोटाची दोन पेरं दाखवली. “कोन पिनार तो?”

मला जिंकल्यासारखं वाटलं. “म्हणजे शेवटच्या गड्यासाठी ठेवायचे वगैरे काही नव्हतं. बाबा थट्टा करायचे.”

“थट्टा?” तिने मान वर केली. “घरी थट्टा. तिकडं न्हाय. तिकडं बांधावर उभा ऱ्हायचा नि सांगायचा, गड्यांनो, लांबच्या वाफ्यात आपला मानूस हाय, त्याला इसरायचं न्हाय. अशी गोष्ट लावायचा, आमी डोईवर हंडा घेऊन उभ्या, उतरवायचं भान न्हाय. येक गडी तं रडला.”

“पण होता तो गाळच ना?”

“आदी गाल. मंग लोकांना लाज वाटाया लागली. येवढी गोष्ट आयकायची नि मानसाला गाल पाजायचा? मंग माठ आला की पयला तांब्या वरचा, निवल पान्याचा, शेवटल्यासाठी काडून ठेवायचे. झाकन लावून. मीच ठेवायची.”

मी विचारलं, “मग मला हे का नाही सांगितलं त्यांनी? मला नुसता गाळच सांगितला.”

आत्या हसली. तिची बोटं बोंबलांनी बुळबुळीत झालेली होती. “तुला सांगत व्हता ना. तू येवढासा व्हतास. बापूस गोष्ट लावायला बसला, तं तू इचारलंस, बाबा, माठात पानी किती मावतं? नि गडी किती व्हते? मंग शेवटल्याला पुरल कसा? त्याचा तोंड बगायला पायजे व्हता. मला बोलला, ह्या पोराला गोष्ट नको, इशेब पायजे. त्याला खराच सांगतो.”

परत येताना रिक्षा घेतली नाही. मोरव्याच्या रस्त्याने चालत आलो. उजवीकडे जुन्या वाफ्यांची जागा दिसत होती. बरेच ओस, काहींत नुसतं साचलेलं पाणी चमकत होतं. इतके दिवस मला हंसाबेनचा हेवा वाटत होता. त्या दुपारी मला अशा लोकांचा हेवा वाटला जे कधीच मेले असतील: माझ्या बापाची टोळी. माझा बाप बांधावर उभा राहून आवाज खाली आणायचा, मधे थांबायचा, आणि ते उन्हात उभे राहून ऐकायचे. त्याचा तो आवाज मी ऐकलेला नाही. मला घरी आलेला, पाय पसरून बसलेला, खरं सांगणारा बाप मिळाला. तो काही कमी नव्हता. पण हंसाबेननी गच्चीवरच्या माझ्या दोन-चार कोरड्या वाक्यांतून तो दुसरा माणूस बाहेर काढला, फेटा बांधून का होईना, आणि मी जन्मभर त्याच्या घरात राहून तो मला दिसला नाही. हा हेवा आधीच्यापेक्षा वाईट होता. आधीच्या हेव्यात निदान कुणाबद्दल तक्रार तरी करता येत होती.

मे महिन्याच्या मीटिंगमध्ये मी काही बोललो नाही. नंतर पाऊस आला, ड्रमांत पुन्हा कपडे गेले. तेव्हापासून दर उन्हाळ्याला हंसाबेन गोष्ट सांगतात आणि मी बाजूला व्हॉल्व्हच्या वेळा घेऊन उभा असतो.

यंदा हंसाबेन इथे नाहीत. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे वापीला गेल्यात. शनिवारी त्यांचा फोन आला. “म्हात्रेभाई, आ वखते वार्ता तमे कहेजो. तमारी ज छे ने.” या वेळी गोष्ट तुम्ही सांगा, तुमचीच तर आहे. माझीच वस्तू त्या मला मोठ्या मनाने परत देत होत्या. मी “बरं” म्हणालो आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. सुनंदा मागून म्हणाली, “पाठ करू नका. तक्त्यासारखं होईल.”

काल सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. गेल्या वर्षभरात बरीच घरं बदललीत. अर्ध्याहून अधिक चेहरे नवे, त्यांनी गोष्ट ऐकलेली नाही. तीन दिवसांपासून तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांची नळावरून भांडणं चालली होती. मास्तर शेवटच्या रांगेत होते, त्यांची आई अजून आहे. मी खांबाजवळ उभा राहिलो. हातात कागद नव्हता, त्यामुळे हातांचं काय करायचं ते कळेना.

सुरुवात केली. मिठागर, ऊन, खारं पाणी. माझा आवाज मलाच नोटीस वाचल्यासारखा वाटत होता. मागे एक मोबाईल चमकला. गाळ माझ्या जिभेवर होता. तो सांगितला असता तर निदान मी खरं बोललो असतो, आणि ती गोष्ट पुन्हा माझी झाली असती. गाळाची गोष्ट फक्त माझी आहे, दुसऱ्या कुणाला ती बापाने दिली नाही. चौथ्या मजल्यावरचा नवा माणूस हाताची घडी घालून माझ्याकडे बघत होता. ‘तिसऱ्या मजल्याने उद्या पाणी सोडलं नाही तर मीही सोडणार नाही,’ असं तो सकाळीच म्हणाला होता.

“माझे वडील,” मी म्हणालो, “बांधावर उभे राहायचे...” आणि अडलो.

“सफेद फेटा बांधके,” पहिल्या रांगेतून जयाभाभी म्हणाल्या. त्यांना वाटलं मी विसरलो. “म्हात्रेभाई, फेटा रह गया.”

सगळे माझ्याकडे बघत होते. नवा माणूससुद्धा. मला तो टॉवेल स्पष्ट आठवत होता. निळ्या काठाचा, एका बाजूने फाटलेला, उन्हाने आणि मिठाने ताठ झालेला.

“हो,” मी म्हणालो. “सफेद. एकदम सफेद.” आणि मला कळायच्या आत माझा आवाज खाली आला. “इतका, की सगळ्यांत लांबच्या वाफ्यात जो होता ना, त्यालासुद्धा तो दिसायचा.”